नव्या शहरात जीव रमेना, आणि घरी सांगताही येईना

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत) :

पत्रलेखिका परभणीची, २६ वर्षांची. एम.कॉम.पर्यंतचे सगळे शिक्षण घरी राहूनच झाले. पाच महिन्यांपूर्वी हिंजवडीतल्या एका कंपनीच्या अकाउंट्स विभागात नोकरी लागली, म्हणून ती पुण्याला आली आणि वाकडमध्ये दोन मुलींबरोबर फ्लॅटमध्ये राहू लागली. कामाची वेळ दुपारी १२ ते रात्री ९. कंपनीची बस रात्री ९.४० च्या सुमारास भूमकर चौकात सोडते. तिथून सोसायटी बारा मिनिटांच्या चालीवर आहे आणि शेवटच्या गल्लीत दोन्ही बाजूंना बांधकामाचे पत्रे लावलेले असल्याने तिथे जवळजवळ अंधार असतो. गेल्या तीन आठवड्यांत तीन वेळा एक दुचाकीस्वार तिच्या मागून संथपणे आला. तिसऱ्या वेळी त्याने "सोडू का?" असे विचारले; ती "नको" म्हणून धावतच घरी पोहोचली. गाडीच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे तिच्या लक्षात आहेत. तेव्हापासून ती रात्री उठून दाराची कडी पाहते, सुटीच्या दिवशी बाहेर पडत नाही. ऑफिसातही ती फारशी बोलत नाही, कारण पहिल्याच आठवड्यात "काय करायलात?" या तिच्या बोलण्यावर सहकारी हसले होते. वडील तिच्या मोबाईलचे लोकेशन पाहतात, आई दिवसातून तीनदा फोन करते. घडलेला प्रकार घरी कळला तर परत बोलावतील आणि लग्नाचा विषय निघेल, या धास्तीने तिने काहीच सांगितलेले नाही. सिंहगड रस्त्याला राहणाऱ्या मामांकडे जावे, परभणीला परतावे, की असेच दिवस काढावेत, असा तिचा प्रश्न आहे. ती लिहिते, "परभणीत मला कधी भीती वाटली नाही. हे शहरच माझ्यासाठी सुरक्षित नाही."

प्रिय मैत्रिणी,

तुमच्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत इतक्या गुंतल्या आहेत की त्या सोडवल्याशिवाय पुढचे काहीच बोलता येणार नाही. एक आहे तो दुचाकीस्वार. दुसरी आहे नव्या गावातली तुमची एकटेपणाची, कोणीच आपले नसल्याची जाणीव. पहिलीवर या आठवड्यात काम करायचे आहे. दुसरीला काही महिने लागतील. तुम्ही मात्र दोन्हींना मिळून 'शहर' असे एकच नाव दिले आहे, आणि त्यामुळे दोन्हींवरचा उपाय शहर सोडणे हाच दिसू लागला आहे.

आधी त्या माणसाविषयी. पत्रात एका ठिकाणी तुम्ही "कदाचित माझ्याच मनाचे खेळ असतील" असे म्हटले आहे. ते वाक्य मी मान्य करत नाही. त्याच रस्त्यावर, त्याच वेळी, तीन आठवड्यांत तीनदा एक माणूस चालणाऱ्या मुलीच्या वेगाने गाडी चालवतो, हे योगायोगाने घडू शकते; पण ते योगायोग आहे असे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमची नाही. स्त्रीने नकार स्पष्ट केल्यावरही तिचा वारंवार पाठलाग करणे किंवा तिच्याशी संपर्काचा प्रयत्न करत राहणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, आणि तुम्ही "नको" म्हटलेले आहे. तो पुन्हा आला तर त्याच्या येण्याचा अर्थ कायद्याच्या नजरेतही वेगळा होतो. म्हणून आजच, आठवण ताजी असताना, तिन्ही प्रसंगांच्या तारखा, वेळा, गाडीचा रंग, ते दोन आकडे आणि त्याचे शब्द एका कागदावर लिहून ठेवा. सोसायटीच्या सचिवांना भेटून फाटकावरच्या कॅमेऱ्याचे त्या तीन रात्रींचे चित्रीकरण जपून ठेवायला सांगा. हे लगेच करा, कारण बहुतेक यंत्रणांत जुने चित्रीकरण ठरावीक दिवसांनी पुसले जाऊन त्याच जागी नवे साठत जाते. महिनाभराने जाग आली तर दाखवायला काही उरत नाही.

त्यानंतर पोलीस ठाणे. वाकड आणि हिंजवडी हे भाग पुणे शहर पोलिसांकडे नाहीत. २०१८ च्या ऑगस्टपासून पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे आणि तुमचा परिसर त्याच्याकडे येतो. बाहेरगावहून आलेल्यांना हे ठाऊक नसते आणि ते 'पुणे पोलीस' म्हणून भलतीकडेच चौकशी करत बसतात. अर्थात कोणत्याही ठाण्यात गेलात तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती "आमच्या हद्दीत येत नाही" या कारणाने नाकारता येत नाही. ती नोंदवून घेऊन योग्य ठाण्याकडे पाठवायची असते. हे सगळे ऐकून तुमच्या पोटात गोळा आला असेल, तर एवढेच सांगते की लेखी अर्ज देऊन त्या गल्लीत रात्री साडेनऊ ते दहा या वेळेत गस्त मागणे हेही पुष्कळ आहे. सोबत फ्लॅटमधल्या एका मुलीला न्या. आणि तो पुन्हा दिसलाच तर धावत घरी जाऊ नका. उजेड असलेल्या दुकानात शिरा आणि ११२ ला फोन करा. धावत घरी गेल्याने तुमचे घर कोणते हे त्याला कळते. तुम्ही धावलात यात तुमची चूक नाही, त्या क्षणी पाय जिकडे नेतात तिकडे माणूस जातो. पण पुढच्या वेळी पायांना आधीच सांगून ठेवलेले बरे.

आता कंपनीबद्दल. पत्राच्या मध्येच तुम्ही ओझरते लिहिले आहे की महिनाअखेरीस हिशेब बंद करताना रात्रीचे साडेदहा होतात आणि मग बसही नसते, रिक्षा शोधावी लागते. हे वाचून मी थांबले. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार स्त्री कर्मचाऱ्याला रात्री ९.३० ते सकाळी ७ या वेळेत काम करायला लावायचे तर तिची संमती लागते आणि तिला घराच्या दारापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था मालकाने करायची असते. घराच्या दारापर्यंत, चौकापर्यंत नव्हे. हे मागणे म्हणजे उपकार मागणे नाही. मनुष्यबळ विभागाला दोन ओळींची ई-मेल पाठवा, तोंडी बोलून थांबू नका. त्याच ई-मेलमध्ये रोजच्या बसचा थांबा तुमच्या गल्लीच्या जवळ हलवता येईल का, हेही विचारा. तुमच्या बसमध्ये वाकडच्या आणखी चार-पाच जणी असणार आणि त्यांनाही तेच हवे असणार. नव्या माणसाला वाटते की आपण आलो आणि लगेच तक्रार करू लागलो असे दिसेल. प्रत्यक्षात अशा मागण्या बहुतेक वेळा नवीन माणसाकडूनच येतात. जुन्यांना त्या गैरसोयीची सवय होऊन गेलेली असते. (कंपनीच्या बसमध्ये कोणी त्रास दिला, तर ती बसही कायद्याने कामाचीच जागा ठरते आणि कंपनीच्या अंतर्गत तक्रार समितीकडे तीन महिन्यांच्या आत तक्रार करता येते. तुमचा प्रश्न हा नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाचा असू शकतो.)

आता त्या वाक्याकडे वळते : "परभणीत मला कधी भीती वाटली नाही."

मला ते खरे वाटते. पण का वाटली नाही, याचा विचार करून पाहा. वसमत रोडला तुमची स्कूटी पंक्चर झाली असती तर दहा मिनिटांत कोणीतरी "अमक्यांची पोरगी ना तू?" म्हणत थांबले असते. तिथे तुम्हाला सांभाळत होती ती लोकांची ओळख. तिची किंमतही तुम्ही मोजत होता : शनिवार बाजारात कोणाशी बोललात हे संध्याकाळपर्यंत घरी पोहोचत होते. पुण्यात येताना ती नजर सुटली म्हणून बरे वाटले, असे तुम्हीच पहिल्या पानावर लिहिले आहे. चौथ्या पानावर तीच नजर नाही म्हणून भीती वाटते, असेही लिहिले आहे. यात विसंगती आहे म्हणून मी हे सांगत नाही. दोन्ही खरे आहे. गावातली ओळख तुम्हाला जन्माबरोबर मिळाली होती, ती मिळवावी लागते हे कळायचे कारणच नव्हते. इथे ती मिळवायची आहे, आणि तिचा एक मोठा फायदा असा की कोणाला किती ओळख द्यायची हे या वेळी तुम्ही ठरवणार आहात.

अनोळखी माणसांचे शहर म्हणजेच धोका, या समजुतीलाही थोडे तपासून घ्या. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीत बलात्काराच्या नोंदवलेल्या प्रकरणांपैकी दहातल्या नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी त्या स्त्रीच्या ओळखीचाच असल्याचे वर्षानुवर्षे दिसते. हे तुम्हाला घाबरवण्यासाठी लिहीत नाही, आणि परभणीत तुम्ही सुरक्षित नव्हतात असेही सुचवत नाही. एवढेच म्हणायचे आहे की ओळखीची माणसे निवडून घ्यावी लागतात आणि अनोळखी माणूस केवळ अनोळखी असल्याने वाईट नसतो.

ही निवड कुठून सुरू करायची? तुमच्याच फ्लॅटमधून. पाच महिने ज्या दोघींबरोबर एका छपराखाली राहता आहात, त्यांच्या घरचा फोन नंबर तुमच्याकडे नाही. तुम्ही जेवणाचा डबा खोलीत नेऊन खाता. वडिलांना तुमच्या मोबाईलवरचा निळा ठिपका दिसतो, पण ते साडेतीनशेहून अधिक किलोमीटरवर आहेत. ठिपका थांबला तर ते फक्त कासावीस होतील. तोच ठिपका शेजारच्या खोलीतल्या मुलीला दिसला तर ती पाच मिनिटांत खाली उतरू शकेल. वडिलांचा काढून घ्या असे मी म्हणत नाही, तिलाही द्या. आणि तिचा मागून घ्या, कारण तीही कुठूनतरी आली आहे आणि रात्री तिलाही तीच गल्ली ओलांडायची असते. चौकात एकमेकींसाठी दहा मिनिटे थांबून सोबत चालत येणे इतके साधे काहीतरी ठरवता येईल. आठवड्यातून एक जेवण तिघींनी एकत्र बसून करा. काही विशेष बोलायला नसले तरी चालेल.

याच फ्लॅटसंबंधी एक रुक्ष बाब. भाडेकरारावर तुमचे नाव नाही, तुम्ही एका मुलीला दरमहा पैसे देता, असे पत्रात आहे. नाव घालून घ्या. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवणे ही महाराष्ट्रात घरमालकाची कायदेशीर जबाबदारी आहे, आणि भाडेकरूची माहिती पोलिसांकडे ऑनलाइन देता येते. तुम्ही त्या घरात राहता याचा एकही कागद आज अस्तित्वात नाही. पोलीस ठाण्यात पत्ता सांगताना, बँकेत, उद्या भांडण होऊन घर सोडायची वेळ आली तेव्हा अनामत मागताना, हाच कागद कामाला येतो. शिवाय, मला असे वाटते की करारावर नाव आले की त्या घराच्या भिंतीवर खिळा ठोकायचा हक्क माणसाला मनातून वाटू लागतो. तुम्ही अजून बॅगेतले कपडे कपाटात लावलेले नाहीत, असे लिहिले आहे. ते लावा.

मामांकडे जाण्याचा पर्याय तुम्हाला सर्वांत सुरक्षित वाटतो. अंतर मोजून पाहा. सिंहगड रस्त्यापासून हिंजवडी वीस-बावीस किलोमीटर, आणि ती नवले पूल, चांदणी चौक या वाटेने. आज तुम्हाला भीती वाटते ती बारा मिनिटांच्या चालीची. तिथून ती दीड तासाच्या रात्रीच्या प्रवासाची होईल, मध्ये बस बदलून. रात्री अकराला मामी जेवण झाकून वाट पाहत बसतील आणि दोन महिन्यांत त्यांच्या आणि तुमच्या दोघींच्याही चेहऱ्यावर ते दिसू लागेल. माझा आग्रह असा की राहायला जाऊ नका, पण महिन्यातून दोन रविवार मुक्कामाला जा. पाहुणी म्हणून जाण्यात जो गोडवा आहे, तो राहायला गेल्यावर टिकतोच असे नाही. आणि तो माणूस पुन्हा दिसला किंवा मन फारच हलले, तर आठवडाभर जायला एक दार उघडे आहे हे मामांना आधीच सांगून ठेवा.

परत जाण्याविषयी : परभणीला परतणे यात कमीपणा काही नाही. नोकरी आवडली नाही, आई-वडिलांजवळ राहायचे आहे, तिथेच काही करायचे आहे, अशा कारणांनी जरूर परता. पण आज परतलात तर ते त्या दुचाकीस्वारामुळे असेल. हा निर्णय त्याच्या हातात देऊ नका. मार्च संपेपर्यंत थांबा; वर्षअखेरीचे हिशेब एकदा पाहून झाले की पदरात अनुभवही पडेल, आणि तोवर वरची कामे झालेली असतील. मग भीती बाजूला ठेवून विचार करता येईल. दरम्यान चौकाच्या बाजूला, दुकाने रात्रीपर्यंत उघडी असतात अशा रस्त्यावर खोली मिळते का, याचीही चौकशी चालू ठेवा. पत्ता बदलण्यासाठी शहर बदलावे लागत नाही. केवळ नोकरदार स्त्रियांसाठी चालवली जाणारी वसतिगृहेही असतात. केंद्र सरकारची त्यासाठी 'सखी निवास' नावाची योजना आहे. फक्त रात्री ९ ला सुटणाऱ्या पाळीला तिथली दार बंद होण्याची वेळ जुळते का, ते आधी विचारून घ्या.

आता सगळ्यांत अवघड भाग, घरी सांगण्याचा. मी ज्या काळात घराबाहेर राहिले, तेव्हा आठवड्यातून एकदा एसटीडी बूथवर, मीटरच्या लाल आकड्यांकडे बघत, "मी बरी आहे" एवढेच सांगता यायचे. लपवणे सोपे होते. तुम्हाला दिवसातून तीन वेळा लपवावे लागते, आणि त्याचा थकवा तुमच्या पत्रात ओळीओळीत आहे. माझे मत असे की सांगावे, पण क्रम पाळून सांगावे. आज सांगितलेत तर वडिलांच्या कानावर नुसती भीती पडेल, आणि भीतीवर त्यांच्याकडे एकच उपाय आहे, तो म्हणजे परत बोलावणे. अर्ज देऊन झाला, ई-मेल गेली, सोबतिणीशी बोलणे झाले, की मग एका शांत संध्याकाळी सांगा : असे घडले, त्यावर मी हे केले, आता असे चालू आहे. आपल्या मुलीने हे सगळे स्वतः निस्तरले, ही गोष्ट बापाला काळजी करायला लावेलच, पण तिच्याकडे वेगळ्या नजरेने बघायलाही लावेल. ते ऐकणार नाहीत, अशीही शक्यता आहे. पहिल्या दिवशी तर बहुधा नाहीच ऐकणार. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोला. लग्नाचा विषय निघाला तर तो वेगळा विषय आहे, त्यावर वेगळे बोलू, असे तितक्याच शांतपणे म्हणता येते.

आणि आईला आठ दिवस बोलावून घ्या. हा उपाय मला सर्वांत जास्त भरवशाचा वाटतो. न पाहिलेल्या गल्लीची भीती पाहिलेल्या गल्लीपेक्षा नेहमीच मोठी असते, आणि त्या रोज न पाहिलेल्या गल्लीची कल्पना करत फोन करतात. त्यांना रात्री चौकातून घरापर्यंत चालत आणा. दुकाने, फाटक, वॉचमनकाका, सगळे दाखवा. वाकडच्या म्हातोबाच्या देवळात घेऊन जा, सुटीच्या दिवशी चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधीला जा. तुम्ही स्वतःही यातले काही अजून पाहिलेले नाही. मला खात्री आहे की तुमच्या आई चौथ्या दिवशी मजल्यावरच्या चारही घरांतल्या बायकांची नावे तुम्हाला सांगतील आणि त्यांतल्या एकीच्या घरी तुमच्यासाठी लोणच्याची बरणी ठेवून परभणीला जातील.

रात्री उठून कडी पाहण्याबद्दल थोडेसे. एकदा पाहणे ठीक. पण झोप मोडते, छातीत धडधडते, दिवसभर डोके जड राहते, असे आणखी दोन-तीन आठवडे चालले, तर १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर बोला. ती मानसिक आरोग्यासाठीची सरकारी सेवा आहे, विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येते. घडलेल्या प्रसंगाने शरीर सावध होते आणि प्रसंग संपल्यावरही काही काळ सावधच राहते. त्याला वेडेपणा म्हणू नका.

राहिली तुमच्या बोलण्यावरच्या हसण्याची गोष्ट. तुम्ही ती शेवटी, एका ओळीत उरकली आहे, पण तिने तुमचे जास्त नुकसान केले असावे असा मला संशय आहे. त्या दिवसापासून तुम्ही ऑफिसात मोजकेच बोलू लागलात, म्हणजे ओळखी होण्याचा रस्ताच बंद झाला. हसणाऱ्यांत दुष्टावा असेलच असे नाही. पुष्कळदा ते नुसते अज्ञान असते, आपण बोलतो तीच मराठी असे वाटण्याचे. "करायलात" ही अर्ध्या मराठवाड्याची मराठी आहे. ती बदलून घेण्याची घाई करू नका. हसणाऱ्यांपैकी जो त्यातल्या त्यात बरा वाटतो त्याला एकदा चहाच्या वेळी सरळ सांगा, की त्या दिवशी मला वाईट वाटले होते. पुढचे त्याच्यावर सोडा.

पत्राच्या अगदी तळाशी तुम्ही एका बाईंचा उल्लेख केला आहे. गल्लीच्या तोंडाशी हातगाडीवर भाजी विकणाऱ्या त्या मावशी, ज्या तुम्हाला पहिल्याच दिवशी "काय घ्यायलीस गं?" म्हणाल्या आणि तुम्हाला एकदम घरी आल्यासारखे वाटले, पण त्यानंतर तुम्ही त्यांच्याशी कधी बोलला नाहीत, मेथी घेऊन निघून आलात. त्या तुमच्याच भागातल्या असणार, हिंगोलीच्या नाहीतर नांदेडच्या. उद्या त्यांना गाव विचारा. आणि त्या रात्री गाडी कितीला आवरतात, तेही विचारून घ्या.